वधूपक्षाच्या खोलीतलं ट्रेनिंग

“मॅडम, या ताई कोणत्या वॉर्डातून उभ्या आहेत?”

फ्लेक्सवाल्याने कॉम्प्युटरची स्क्रीन माझ्याकडे वळवली. त्याचं बोट सुनंदाताईंच्या फोटोवर होतं. ओळखपत्रासाठी पांढऱ्या भिंतीसमोर काढलेला साधा फोटो. त्याने मागची भिंत कापून तिथे उगवता सूर्य लावला होता आणि ताईंना दोन शेड गोरं केलं होतं. शेजारी रामदासभाऊ, त्यांच्या शेजारी आमच्या ट्रेनिंगमधले बाकीचे. सगळ्यांच्या वर, जवळजवळ निम्म्या फ्लेक्सवर, आमच्या संस्थेचे डायरेक्टर सर. त्यांच्याखाली ‘मार्गदर्शक’ असं लिहिलेलं. बाकीच्यांच्या ओळीवर लाल अक्षरात मथळा होता: ‘एचआयव्हीसह जगणारे आमचे समुदाय-नेते! हार्दिक अभिनंदन!’

“त्या उभ्या नाहीत,” मी म्हणाले.

“मग बिनविरोध का?”

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. कारण हा फ्लेक्स पिंपळगाव बसवंतच्या चौकात लागणार होता आणि सुनंदाताई पिंपळगावातच द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये कामाला आहेत. त्यांना एचआयव्ही आहे हे त्यांच्या लेकीला, डॉक्टरांना आणि आमच्या गटाला माहीत आहे. पॅकहाउसला नाही. (ताईंचं नाव मी इथे बदललं आहे. बाकीच्यांचंही.)

आधी माझं काम सांगते. मी तेव्हा समाजकार्याच्या एमएच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे समाजकार्यात डिग्री मिळते हे घरी पटवायलाच एक वर्ष गेलं. कोर्सचा भाग म्हणून आम्हाला एखाद्या संस्थेत फिल्डवर्क करावं लागतं. मला नाशिकमधली एचआयव्हीवर काम करणारी एक संस्था मिळाली. तिथे तेव्हा एक मोठा प्रोजेक्ट चालू होता: गावागावांत फॅसिलिटेटर तयार करायचे.

फॅसिलिटेटरला सरकारी मराठीत सुलभक म्हणतात. स्वतः कमी बोलून दुसऱ्यांना बोलतं करणारा माणूस, असा त्याचा अर्थ. प्रोजेक्टचं सूत्र होतं ‘कम्युनिटी-लेड’. म्हणजे आजाराबद्दल काय करायचं ते बाहेरच्या तज्ज्ञाने ठरवायचं नाही. ज्यांच्या घरात, वस्तीत तो आजार आहे, त्यांनी एकत्र बसून ठरवायचं. सुलभकाने फक्त त्यांना बसवायचं, प्रश्न विचारायचे आणि गप्प राहायचं. मला हे सूत्र मनापासून पटलं होतं. अजूनही पटतं. पहिल्याच दिवशी सरांनी ‘सुलभकाने कमी बोलावं’ या विषयावर सकाळच्या चहापासून दुपारच्या जेवणापर्यंत भाषण केलं, तरीही पटतं.

ट्रेनिंग पंचवटीतल्या एका मंगल कार्यालयात, वरच्या मजल्यावरच्या खोलीत व्हायचं. खोलीच्या दारावर रंगाने ‘वधूपक्ष’ लिहिलेलं होतं आणि आत एक मोठा आरसा होता. ही जागा सुनंदाताईंनी सुचवलेली. संस्थेच्या ऑफिसवर बोर्ड आहे, त्यावर एचआयव्ही हा शब्द आहे, आणि समोर रिक्षास्टँड आहे. तिथून आत शिरताना कुणी ओळखीचं दिसलं की संपलं. कार्यालयाचं तसं नाही. रविवारी चांगली साडी नेसून मंगल कार्यालयात शिरणाऱ्या बाईला कोण विचारणार? ताई गावात सांगून निघायच्या, “नाशिकला लग्न हाय.” गटातल्या सगळ्याच बाया ठेवणीतल्या साड्या नेसून ट्रेनिंगला यायच्या. रामदासभाऊ नामपूरचे, टेम्पो चालवतात. तेही इस्त्रीचा शर्ट घालून यायचे. खाली खरोखरचं लग्न असलं की म्हणायचे, “जेवण तिकडंच करू का? आपल्या डब्यापेक्षा बरं असंल.”

गटाचा एक नियम होता. कोण पॉझिटिव्ह आणि कोण नाही, हे कुणी कुणाला विचारायचं नाही. ज्याला सांगायचं तो सांगेल. काहीजण स्वतः या आजारासह जगणारे होते. काहीजण रामदासभाऊंसारखे, घरातलं माणूस गेलं म्हणून या कामात आलेले. बाहेरच्याला फरक कळू नये, हीच सोय होती.

आणि आता सरांनी सगळ्यांना एकाच लाल मथळ्याखाली उभं केलं होतं. यातली गंमत अशी की एकाने जरी म्हटलं ‘अहो, मला नाहीये’, तर उरलेल्यांना आहे हे आपोआप जाहीर होणार.

मी दुकानाबाहेर येऊन सरांना फोन लावला.

“सर, फ्लेक्सवर सगळ्यांचे फोटो आलेत.”

“मग? फोटोशिवाय फ्लेक्स कोण बघतं?”

“पण त्यांची परवानगी…”

“सह्या आहेत आपल्याकडे.”

“त्या ओळखपत्राच्या आहेत, सर.”

“वैशाली,” सरांचा आवाज मऊ झाला. सरांचा आवाज मऊ झाला की समजावं, आपण चुकलोय. “कलंक तुटतो कसा? लपून? चेहरा दाखवल्यावर तुटतो. तू शिकते आहेस अजून. समारोपाला फंडिंगवाले येणार आहेत. त्यांना नेतृत्व दिसायला पाहिजे. प्रिंट करून घे. आणि त्यांचा लोगो उजवीकडे आहे ना, तेवढं बघ.”

सरांवर अन्याय नको. ज्या काळात या आजाराच्या माणसाला कुणी खोली भाड्याने देत नव्हतं, त्या काळात त्यांनी घरमालकांच्या पायऱ्या झिजवल्या आहेत. पण मधल्या वर्षांत त्यांचा माणसांशी संबंध स्लाइडवरच जास्त यायला लागला होता. एचआयव्हीच्या कायद्यात लेखी संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करता येत नाही, हे मला त्यांनीच शिकवलं. स्लाइड निळी होती, अक्षरं पांढरी.

मी परत आत गेले. नाही म्हणायची माझ्यात हिंमत नव्हती आणि हो म्हणायला जीभ उचलत नव्हती. तेवढ्यात लोगो आठवला.

“दादा, थांबवा. फंडिंगवाल्यांचा लोगो बदलतोय. नवीन आला की मगच प्रिंट करा.”

“आधी सांगायचं ना मॅडम!” त्याने लगेच फाइल बंद केली. लोगोसाठी थांबण्यात कुणालाच काही विचित्र वाटत नाही.

मग मी सुनंदाताईंना फोन केला. पॅकहाउसमध्ये आत फोन चालत नाही. तिथे डोक्याला टोपी, हाताला मोजे घालून बाया ओळीने उभ्या असतात. घडातले खराब मणी कात्रीने काढायचे, वजन करायचं, डब्यात भरायचं. ताई त्या कामात तरबेज आहेत. पण सगळं काम हंगामापुरतं. ‘उद्यापासून येऊ नको’ एवढं सुपरवायझरने म्हटलं की झालं, कारण द्यावं लागत नाही. द्राक्षाला हात लावल्याने एचआयव्ही पसरत नाही हे शास्त्र आहे. पण माल परदेशात जातो म्हटल्यावर शास्त्र ऐकत बसायला तिथे कोण थांबणार?

जेवणाच्या सुट्टीत त्यांचा फोन आला.

“बोल पोरी. काय काढलंस?”

मी सांगितलं. पलीकडे क्रेट आपटल्याचे आवाज येत होते.

“कुठल्या चौकात?”

“हायवेला लागून आहे तो.”

“आमचा सुपरवायझर तिथंच चहा पितो. दोन टाइम.” मग म्हणाल्या, “माझं काम गेलं तर पोरीची फी कोण भरंल? सर?”

“ताई, आपण सगळे मिळून त्यांच्याशी भांडू.”

“भांडायचं नाय. मागं जेवणावरनं भांडले होते मी. तर म्हणाले, छान फीडबॅक आहे, आणि पार्किंगमधी लावलं.”

पार्किंग म्हणजे ‘पार्किंग लॉट’. ट्रेनिंगमध्ये भिंतीवर एक मोठा कोरा कागद लावलेला असतो. गैरसोयीचा प्रश्न आला की तो चिठ्ठीवर लिहून त्या कागदावर चिकटवायचा आणि म्हणायचं, यावर नंतर बोलू. तिथे लागलेली एकही गाडी बाहेर निघालेली मी पाहिली नाही.

“मग काय करायचं?”

“येत्या रविवारी सरावाचं सेशन हाय ना? सर बघायला येणार ना?”

“हो. त्यांना मार्क द्यायचेत.”

“मग त्यांनी शिकवलंय तेच करू. तू फक्त त्यांना कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसू देऊ नको. गोलात बसव.”

रविवारी खाली साखरपुडा होता. बँडवाले जिन्याखालीच उभे होते. वर आम्ही गोल करून बसलो. सर आले आणि सवयीने कोपऱ्यातली खुर्ची शोधायला लागले. ती मी आधीच बाहेर नेऊन ठेवली होती. माझ्या फिल्डवर्कमधलं एवढंच एक धाडस.

“सर, आज तुम्ही पण पार्टिसिपंट,” सुनंदाताई म्हणाल्या.

सर खूश झाले. “व्हेरी गुड! सुरू करा. विषय काय घेतलाय?”

“आपला फ्लेक्स.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी चार्टपेपर सरळ करायला लागले.

ताईंनी घेतलेला खेळ सरांनीच शिकवलेला होता. एक वाक्य वाचायचं. ज्यांना ते पटतं त्यांनी खोलीच्या एका बाजूला जायचं, ज्यांना पटत नाही त्यांनी दुसऱ्या. मग सुलभकाने एकेकाला विचारायचं, तुम्ही तिथे का उभे. कुणाला चूक म्हणायचं नाही.

“वाक्य असं,” ताई म्हणाल्या. “माझा फोटो एचआयव्हीच्या फ्लेक्सवर चौकात लागला तर मला चालंल. चालंल त्यांनी खिडकीकडं. नाय चालणार त्यांनी आरशाकडं.”

सगळा गट आरशाकडे गेला. सर एकटे खिडकीकडे गेले, छाती काढून.

“मागे वळून बघा,” सर आम्हाला म्हणाले, “हाच तो कलंक. तुमच्या मनातला.”

आरशाकडच्यांनी मागे वळून पाहिलं. आरशात त्यांना स्वतःचेच चेहरे दिसले.

“सर, तुम्ही तिकडं का उभे?” ताईंनी विचारलं. आवाज अगदी ट्रेनिंगमधला. शांत, न तापलेला.

“कारण मला लाज वाटत नाही. यात लपवण्यासारखं काय आहे?”

“वा. मग तुमचा फोटो लावायचा?”

“आहेच की! सगळ्यात मोठा.”

“तो वर हाय सर. मार्गदर्शक म्हणून. मी म्हणते आमच्या ओळीत. माझ्या आणि रामदासभाऊंच्या मधी. त्याच मथळ्याखाली.”

सर हसले. “अहो, पण मी त्यात… म्हणजे मथळा वेगळा आहे ना. लोकांचा गैरसमज होईल.”

“कसला गैरसमज होईल, सर?”

सरांनीच शिकवलं होतं की प्रश्न विचारल्यावर सुलभकाने शांतता भरून काढायची नाही. माणसाला वेळ द्यावा, तो आतून उत्तर काढतो. आम्ही सगळ्यांनी सरांना वेळ दिला. खाली बँडने एक गाणं संपवून दुसरं सुरू केलं.

“म्हणजे असं बघा,” सर म्हणाले, “मला वैयक्तिक काही नाही. पण आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणी त्या फ्लेक्सचा फोटो टाकला, तर… तुम्हाला माहीत नाही लोक कसे असतात.”

“नाय माहीत, सर,” ताई म्हणाल्या. “सांगा ना. कसे असतात?”

आरशाकडून कुणीतरी फसकन हसलं. रामदासभाऊ होते. ताईंनी त्यांच्याकडे डोळे वटारले. सुलभकाने गटात कुणाला हसू द्यायचं नसतं.

सर उत्तर द्यायला लागले आणि देता देता त्यांच्या लक्षात यायला लागलं की ते काय सांगतायत. सोसायटीत पुढच्या महिन्यात कमिटीची निवडणूक आहे. शेजारचे आधीच तिरसट आहेत. स्वयंपाकाला येणारी बाई काम सोडून जाईल. भाऊ विचारेल. मग प्रत्येकाला फोन करून समजावत बसावं लागेल की तसं काही नाहीये. बोलता बोलता सर खिडकीपासून दोन पावलं इकडे आले.

“स्वयंपाकाची बाई काम सोडंल,” ताईंनी त्यांचं वाक्य चार्टपेपरवर मोठ्या अक्षरात लिहिलं. बोललेलं लिहून घ्यायचं, हेही शिकवलेलंच. “आणि काय होईल, सर? मनात येईल ते सांगा. इथं कुणी जज करत नाय.”

“सुनंदाताई, हे जरा भलतीकडे चाललंय. हा मुद्दा आपण पार्किंग लॉटमध्ये ठेवू या.”

“पार्किंग फुल हाय, सर,” रामदासभाऊ म्हणाले. तेही खरंच होतं. कागद खालपर्यंत चिकटवून भरला होता.

यावर सगळेच हसले, अगदी ताईसुद्धा. पण लगेच त्यांनी मार्कर खाली ठेवला. आता त्यांचा आवाज ट्रेनिंगमधला नव्हता.

“सर, तुमच्याकडची बाई काम सोडंल, तर तुम्ही दुसरी बघाल. माझं काम सुटलं तर मला दुसरं पॅकहाउस बघावं लागंल. आणि पिंपळगावातली पॅकहाउसं एकमेकांना वळखतात. तुम्हाला तसं काही नाहीये, तरी तुम्ही एवढं बोललात. मला हाय. मी किती बोलू?”

सर हळूच चालत आरशाकडे आले आणि आमच्याबरोबर उभे राहिले. आरशात पूर्ण गट दिसत होता. खिडकीकडे फक्त पडदा राहिला होता.

मला वाटलं आता ते माफी मागतील. मी त्या वेळी फिल्डवर्कला नवीन होते.

सरांनी घसा साफ केला. “एक्सलंट,” ते म्हणाले. “हेच मला तुमच्याकडून काढून घ्यायचं होतं. मी मुद्दाम तो फ्लेक्स तसा बनवायला सांगितला होता. बघू या गट प्रतिक्रिया देतो का. आणि दिली! याला म्हणतात कम्युनिटी-लेड.”

रामदासभाऊ अहिराणीत पुटपुटले, “हाई काय शे आते?” ताईंनी त्यांना कोपर मारलं. ताईंना सरांच्या कबुलीशी देणंघेणं नव्हतं, फक्त तो फ्लेक्स लागायला नको होता. “हो सर,” त्या म्हणाल्या. “मग आता गटानं काय ठरवलं ते सांगू? फोटो नाय. चौक नाय.”

“अगदी!” सर म्हणाले. “वैशाली, फ्लेक्सवाल्याला सांग. फोटो काढून टाक.”

“सगळ्यांचे?” मी विचारलं.

सर थोडं थांबले. “मार्गदर्शकाचा राहू दे.”

तसाच छापला. समुदाय-नेतृत्वाच्या समारोपाचा आमचा फ्लेक्स संस्थेच्या हॉलमध्ये स्टेजमागे लागला. त्यावर डायरेक्टर सर होते, प्रमुख पाहुणे होते, फंडिंगवाल्यांचा लोगो होता आणि मधल्या मोकळ्या जागेत उगवता सूर्य. समुदाय कुठेच नव्हता. फंडिंगच्या मॅडमनी विचारलंही, “कम्युनिटीचे लीडर्स कुठे आहेत?” सर गंभीर होऊन म्हणाले, “आम्ही गोपनीयतेच्या बाबतीत फार कडक आहोत.” मॅडमनी ते लिहून घेतलं.

त्या दिवशी सुनंदाताई पिंपळगावात कामावर होत्या. सुट्टी मिळाली नाही असं त्यांनी कळवलं. हंगाम संपेपर्यंत त्या तिथेच होत्या आणि पुढच्या हंगामाला सुपरवायझरने स्वतःहून निरोप पाठवला. आता त्या गावात बायांची एक भिशी चालवतात. भिशी खरीच आहे, नंबरही निघतो. पण नंबर निघाल्यावर बाया उठून जात नाहीत. कुणाच्या गोळ्या चुकतात, कुणाला तपासणीला एकटीने जायची भीती वाटते, कुणाचा नवरा तपासणीला तयार नाही, हे सगळं तिथे निघतं. ताई फार बोलत नाहीत. प्रश्न विचारतात आणि थांबतात. संस्थेच्या रिपोर्टमध्ये ती भिशी ‘पिअर सपोर्ट मॉडेल’ झाली आहे. तिच्या पानावर सरांचा फोटो आहे.

माझ्या फिल्डवर्कच्या मूल्यांकनात सरांनी लिहिलं: ‘प्रामाणिक. मेहनती. संस्थेच्या चॅनेलमधून काम करण्याची सवय लावून घ्यावी.’ मार्क बरे दिले. लोगोचं त्यांनी कधी विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही.

सध्या मी दुसऱ्या एका तालुक्यात नव्या बॅचच्या ट्रेनिंगला मदत करते. प्रत्येक बॅचच्या आयोजकांना मी भीत भीत एकच गोष्ट सांगते. सुलभक तयार करायचे असतील तर एक धोका पत्करावा लागतो: ते खरोखर तयार होतात आणि पहिला सराव आपल्यावरच करतात. आयोजक मान डोलावतात आणि म्हणतात, छान मुद्दा आहे, यावर नंतर नक्की बोलू.